न विचारता उघडलेलं दार

पडद्यावरची बाई अंधाऱ्या बोळात शिरली आणि शेजारी बसलेल्या ताईचा अंगठा खुर्चीच्या हातावर बटण दाबल्यासारखा हलू लागला. कॉलेजात असताना या भुताच्या व्हिडिओ गेमचे सगळे भाग आम्ही दोघी बहिणींनी मिळून खेळले होते. पुढचे भाग रटाळ होत गेले, तरी भीती काही कमी झाली नाही. आता त्यावर सिनेमा आला होता. दुसऱ्या दिवशी ताईचं ऑपरेशन होतं. घरात बसवेना, म्हणून तिनेच दुपारच्या शोची तिकिटं काढली.

"घाबरलीस?" मी कुजबुजले.

"गेममध्ये दार मी उघडायचे गं. नको वाटलं तर मागे फिरायचे. ही मला न विचारताच आत गेली."

सिनेमातलं भूत जास्त खरं दिसत होतं, पण मला अस्वस्थ करत होतं ते ताईचं बोलणं. आपला हात चालतो तोवर माणूस भीतीशी झुंजतो. नुसतं बघत बसायची वेळ आली की तळमळतो.

मध्यंतरात ताई म्हणाली, "उद्या भूल दिल्यावर माझ्या हातात काहीच नाही."

"घरी जाऊया का?"

तिने खुर्चीच्या हातावरून हात काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "नको. शेवटपर्यंत बसायची सवय करू."