उठवलेला ठोकळा

त्या लष्करी संशोधन केंद्रात त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. संचालकांपासून चहा देणाऱ्यापर्यंत सगळे त्याला ‘शत्रू’च म्हणायचे, आणि तेही अगदी लाडाने. “शत्रू, जेवलास का?” “आज शत्रूला ताप आलाय.” नोकरीच तशी होती बिचाऱ्याची! समोरचं सैन्य आज कसं लढतं, त्याचे ड्रोन काय बघतात, बघितल्यावर तोफा किती झटपट वळतात, याचा वर्षभर अभ्यास करायचा. आपल्या साहेबांनी नवी योजना आखली की मोठ्या टेबलावरच्या नकाशापाशी उभं राहून शत्रूच्या बाजूने खेळायचं. आपले ठोकळे निळे, त्याचे लाल.

खेळ म्हटला की पंच आलाच. आणि या पंचांना एक वाईट खोड. निळी तुकडी सुरुवातीलाच मेली तर पुढचा खेळ कसा व्हायचा? बडी मंडळी येऊन बसलेली, दिवस फुकट जायचा. मग पंच मेलेला ठोकळा उचलून पुन्हा नकाशावर ठेवायचा. याला ते ‘उठवणं’ म्हणत. तेवढ्यापुरतं ठीक आहे हो! पण संध्याकाळपर्यंत ठोकळा उठवलेला होता हेच सगळे विसरायचे, आणि योजना पास व्हायची.

असाच एक ठोकळा त्याच्या धाकट्या भावाच्या तुकडीचा होता. नदीवरच्या पुलाच्या तोंडाशी त्याने स्वतःच खेळात तो उडवला, पंचाने हसत हसत उठवला, आणि पुढे लढाईत त्याच पुलाच्या तोंडाशी भाऊ खरोखरच गेला. पंच घरी भेटायला आला आणि आईला म्हणाला, “युद्धात असं व्हायचंच.” तोच माणूस चढत चढत आता केंद्राचा संचालक झाला होता.

आई रोज जेवायला वाढताना सुनवायची. “अजून त्याच्याच हाताखाली राबतोस ना? लाज कशी वाटत नाही रे?”

“वेळ येऊ दे, आई.”

“त्याच्याही घरात असंच एक ताट रिकामं पडू दे. मग मी सुखाने डोळे मिटीन.”

आणि वेळ आली. संचालकाने स्वतः योजना आखली. पुन्हा नदी, पुन्हा पूल, पुन्हा एकामागे एक चिकटून जाणारे रणगाडे. खेळाच्या आदल्या दिवशी त्याने शत्रूला खोलीत बोलावलं, चक्क खुर्ची दिली.

“उद्या जरा सांभाळून घे. वरचे लोक येतायत. पुलापाशी फार ताणू नकोस,” तो म्हणाला. मग कौतुकाने, “पहिल्या तुकडीत माझा मुलगाच जातोय. हट्टच धरून बसलाय पठ्ठ्या.”

“जशी आज्ञा, साहेब,” शत्रू म्हणाला. बाहेर आला तो मनातल्या मनात नाचतच. काही करायचंच नव्हतं! नुसतं गप्प बसायचं. पोरगा पुलावर जाईल, बाकीचं पलीकडच्या तोफा बघतील. घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा आईने पदराने डोळे पुसले आणि कितीतरी वर्षांनी त्याला आग्रह करकरून वाढलं.

दुसऱ्या दिवशी पोरगा टेबलापाशी हजर. कॅप्टन झालेला, पण चेहऱ्यावर अजून पोरवय. आपला ठोकळा त्याने स्वतःच पुलाच्या तोंडाशी सरकवला. शत्रूने दोन्ही हात खिशात कोंबले. गप्प बस, त्याने स्वतःला बजावलं, आज तुझा दिवस आहे.

पोरगा नकाशाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “काका, खरं सांगा. मी इथे असताना तुम्ही काय केलं असतं?”

मेल्या, विचारायचं नव्हतंस! शत्रूच्या डोक्यात तिडीकच गेली. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते याच्या पोराने? हात खिशातून कधी बाहेर आला ते त्यालाही कळलं नाही. निळा ठोकळा आडवा झाला.

संचालक मोठ्याने हसला. “पंच, उठवा तो.”

शत्रूने ठोकळ्यावर पंजा दाबला. “उठवायचा नाही.”

“अरे, शुद्धीवर ये!”

“याच टेबलावर माझा भाऊ उठवलात, साहेब. मग तिकडे पुलावर का नाही उठवलात? जा ना, उठवा त्याला!”

वरच्या लोकांनी हातातले कप खाली ठेवले. पोराने वडिलांकडे पाहिलं. “बाबा, खरं आहे हे?”

संचालकाने मान खाली घातली. योजना तिथेच बारगळली.

व्हरांड्यात त्याने शत्रूला गाठलं. “साधलास सूड! पोटच्या पोरासमोर मान खाली घालायला लावलीस.”

“सूड?” शत्रू दातओठ खात म्हणाला. “सूड घ्यायचा असता ना साहेब, तर आज मी तुमचं ऐकलं असतं.”

संचालकाला हे समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा त्याने वळून आत टेबलापाशी उभ्या असलेल्या पोराकडे पाहिलं.

घरी आई ताट वाढून वाट बघत होती. त्याने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

“म्हणजे त्याचा पोरगा जगणार?”

“जगेल.”

“आणि माझा?”

आईने त्याच्यापुढचं भरलेलं ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं.