परत बोलावलेला ट्रेलर

त्या शुक्रवारी ट्रेलर मी परत बोलावला. हे आधी लिहून टाकतो, कारण पुढे वॉशिंग्टन, न्यायालय, वकील असं बरंच येणार आहे आणि त्या गर्दीत ही गोष्ट हरवली तर मला बरंच वाटेल.

कुवेतमध्ये मी एका गोदाम कंपनीत मालाची साठवण आणि रवानगी बघतो. अम्गऱ्याला भंगाराची आवारं संपतात तिथून पुढे आमचे हॉल आहेत. त्यातले काही अमेरिकन सरकारच्या परदेशी मदत संस्थेनं घेतले होते. तंबू, ताडपत्र्या, पाण्याचे कॅन आणि एका वातानुकूलित हॉलमध्ये कुपोषित मुलांना देतात ती शेंगदाण्याची पेस्ट, छोट्या पाकिटांत. एकदा फुटलेल्या खोक्यातलं एक पाकीट मी घरी आणलं होतं. बायकोनं बोटानं चाखलं आणि म्हणाली, "चिक्की दळल्यासारखं लागतंय. एवढ्यावर मूल जगतं?" जगतं. काही आठवड्यांत अंग धरतं.

आमच्या कामात एक नियम आहे. ट्रेलर भरला, सील लागलं, घेणाऱ्याच्या माणसानं सही केली की माल घेणाऱ्याचा. त्यानंतर आमचा त्याच्यावर हक्क नाही. नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी हेच शिकवतो.

त्या गुरुवारी येमेनमधल्या एका रुग्णालयासाठी पेस्टचा ट्रेलर भरला. ते रुग्णालय चालवणाऱ्या सेवाभावी संस्थेच्या माणसानं सही केली, सील लागलं. शुक्रवारी नमाजनंतर ट्रेलर साल्मीच्या रस्त्यानं सौदीच्या हद्दीकडे निघाला.

शुक्रवारी इथे सगळ्यांना सुट्टी. ऑफिसची मेल कोणी उघडत नाही. मी उघडतो. पंचवीस वर्षं नोकरी करून लागलेली खोड आहे ही, साहेबाचा निरोप आला आणि आपण पाहिला नाही असं होऊ नये म्हणून. त्या दुपारी रिग्गईच्या घरी पोह्यांची बशी हातात होती. मेल वॉशिंग्टनहून आलं होतं: मदतीची सगळी कामं या क्षणापासून थांबवा. मी बशी खाली ठेवली, 'मिळालं, त्याप्रमाणे करतो' असं उत्तर पाठवलं आणि लगेच खैतानला फोन लावला.

खैतानला आमच्या गाड्यांचं काम बघणारे भाई राहतात. मूळ रत्नागिरीकडचे, माझ्यापेक्षा वयानं मोठे.

"भाई, ट्रेलर थांबवा. गोदामात परत आणा."

"काय ओ साहेब, कोणाचा ट्रेलर?"

"येमेनचा. वरून ऑर्डर आलीय."

"आज जुम्मा. जुम्म्याला कोण मेल वाचतो? तुम्ही रविवारी वाचा ना. तोवर गाडी सौदीत."

"मी उत्तर दिलंय."

मग भाई म्हणाले, "उत्तर पण दिलंत? साहेब, तुम्हाला शाळेत पहिला नंबर मिळत असणार." आणि पुढे गंभीर होऊन, "सील लागलंय त्याला. माल आपला नाय आता. तुम्हीच सांगता ना पोरांना?"

मी ऐकलं नाही. संध्याकाळपर्यंत सील तोडून खोकी पुन्हा थंड हॉलमध्ये लावली. मला त्या रात्री झोपही नीट लागली, हे लिहायला लाज वाटते. ऑर्डर पाळली होती ना!

दोन दिवसांनी येमेनहून डॉक्टरांचा फोन आला. त्या रुग्णालयात मुलांचा विभाग ते बघतात. येमेनी माणूस, पण डॉक्टरकी पुण्यात शिकलेला, त्यामुळे आमचं बोलणं अर्धं मराठीत चालतं.

"भाऊ, ट्रक कुठे अडकला? कात्रजच्या घाटात?"

मी हसलो नाही, तेव्हा त्यांना कळलं. मी म्हणालो, "अमेरिकेनं सगळं थांबवलंय."

असं म्हणालो मी. अमेरिकेनं.

पुढचे आठवडे आम्ही सगळे वॉशिंग्टनच्या बातम्या वाचत होतो. नवं सरकार ती संस्थाच बंद करायला निघालं होतं. तिथल्या माणसांना घरी बसवलं, नंतर इमारतीवरची पाटीही काढली म्हणे. जीव वाचवणाऱ्या मदतीला सूट आहे असं जाहीर झालं, पण सूट लागू करून देणारी माणसंच कामावर उरली नव्हती. कर्मचारी आणि सेवाभावी संस्था न्यायालयात गेल्या. संसदेनं कायद्यानं उभी केलेली संस्था अध्यक्षांना एकट्याला बंद करता येते का, हा मुद्दा होता. सरकारचं म्हणणं, परदेशाशी कसं वागायचं हे अध्यक्ष ठरवणार. एक न्यायाधीश थांबा म्हणायचे, वरचं न्यायालय त्यालाही थांबवायचं. आमचे जनरल मॅनेजर, मूळचे केरळचे, रोज सकाळी विचारायचे, "आज कोर्ट किधर खड़ा है?" आणि उत्तर न ऐकताच चहा सांगायचे.

इकडे पेस्टची मुदत सरत होती. येमेनच्या सीमेवर खाण्याच्या मालाची ठरावीक मुदत शिल्लक असावी लागते, नाहीतर तो आत घेत नाहीत. आणखी थोडे आठवडे गेले असते तर तो ट्रेलरभर माल चांगला असूनही डॉक्टरांच्या वॉर्डात कधीच पोचला नसता. तो जाळावा लागला असता. डॉक्टर आता विनोद करत नव्हते. "काही कळलं का?" एवढंच विचारायचे.

मग एका बातमीनं मला खुर्चीतून उठवलं. न्यायालयात सरकारच्या वकिलांनी सांगितलं होतं की आदेश पुढच्या कामांना होता. जो माल आधीच सेवाभावी संस्थांच्या ताब्यात गेला होता त्याला आम्ही हात लावलेला नाही.

सील. सही. गुरुवार.

तो माल आदेशात नव्हताच. आदेश यायच्या आधी तो रुग्णालयाचा झाला होता. त्याला अडवणारा जगात एकच माणूस होता आणि तो रिग्गईत पोहे खात होता.

रुग्णालय चालवणारी ती सेवाभावी संस्थाही खटल्यात होती. तिच्या वकीलबाई वेगवेगळ्या देशांतून शपथेवरची निवेदनं गोळा करत होत्या. मी त्यांना कळवलं. व्हिडिओवर बोलणं झालं. त्यांनी माझं ऐकून एक मसुदा पाठवला. त्यात लिहिलं होतं: आदेशामुळे माल अडकला.

मी म्हणालो, "आदेशामुळे नाही. मी अडवला. माझा तो अधिकार नव्हता."

त्या थोड्या थकल्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही असं लिहिलंत तर समोरचे म्हणतील, बघा, आमच्या आदेशानं काही झालं नाही, यांचीच माणसं गोंधळली. मोठ्या खटल्यात मला हे वापरता येणार नाही."

"आणि या ट्रेलरसाठी?"

त्यांनी विचार केला. "ट्रेलरसाठी हेच लागेल. माल आधीच रुग्णालयाचा होता आणि चुकून परत नेला, असं जबाबदार माणसानं लिहून दिलं तर तो अडवायला कोणाकडे कारण उरत नाही."

माझ्या मनात काय आलं ते लिहितो. मसुद्यातलं वाक्य सोयीचं होतं. त्यात मी नव्हतोच. खटल्यालाही तेच हवं होतं, मला तर फारच हवं होतं. आणि ते वाक्य तसंच ठेवलं असतं तर पेस्ट हॉलमध्येच राहिली असती.

मॅनेजरना सांगितलं तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं. "ये अमरीका का झगड़ा है. तू बीच में गला क्यों दे रहा है? कंपनी ने गलती की, ऐसा तू लिखके देगा? इकामा कंपनी का है, भूल गया?"

इथलं राहणं त्या इकाम्यावर. तो रद्द झाला की महिन्याभरात संसार आवरून निघायचं. मुलगी बारावीला होती.

"कंपनीनं नाही, मी केली. तसंच लिहितोय," मी म्हणालो.

"एक ही बात है."

"नाही सर, एक नाही. भाईंनी मला थांबवलं होतं, तेही लिहितोय."

घरी बायको कणीक मळत होती. सगळं ऐकून तिनं विचारलं, "अहो, चूक तुमचीच ना?"

"हो."

"मग लिहा. मुलीचे बोर्डाचे पेपर होईपर्यंत तरी आपल्याला घालवू नका म्हणावं त्या केरळी साहेबांना. नाहीतर मी येते बोलायला." मुलगी आतून ओरडली, "आई, प्लीज डोन्ट!" आणि मी बऱ्याच दिवसांनी हसलो.

निवेदन लिहिलं. कर्ता मीच ठेवला: मी मेल वाचलं, मी फोन केला, हरकत घेणारा माणूस होता, मी ऐकलं नाही, मी सील तोडायला लावलं. शपथेवर सही केली. मॅनेजरांनी मला लेखी ताकीद दिली आणि ग्राहकांशी बोलायचं काम काढून घेतलं. इकाम्याचं नूतनीकरण त्यांनी केलं, पण कागद माझ्यापुढे टाकताना "एक साल का है" एवढंच म्हणाले. ते रागावले यात मला चूक दिसत नाही.

वकीलबाईंनी निवेदन अमेरिकन मदत संस्थेत उरलेल्या एका अधिकाऱ्याकडे पाठवलं. उत्तर येईना. मी रोज मेल लिहिलं. आधी वाट बघणारा माणूस होतो मी. आता उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयातला दुसरा पत्ता शोधायचो. शेवटी दोन ओळी आल्या: सदर माल आदेशापूर्वीच हस्तांतरित झालेला आहे, आमची हरकत नाही.

तो गुरुवार होता. भाईंना फोन केला.

"भाई, गाडी?"

"उभीच हाय दारात. मला माहीत होतं तुमचं आज होणार."

"कसं माहीत?"

"माहीत नव्हतं ओ. रोजच उभी करत होतो."

या वेळी ट्रेलर नजरेआड होईपर्यंत मी फाटकात थांबलो, मग आत जाऊन फोन बंद केला.

माल मुदतीच्या अगदी काठावर सीमा ओलांडून गेला. पोचला त्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. मागे वॉर्डातला गलका ऐकू येत होता. त्यांनी माझे आभार मानले, तेव्हा मी त्यांना सांगितलं की त्या दिवशी अमेरिकेनं नव्हे, मी गाडी परत नेली होती. ते म्हणाले, "माहीत आहे. वकिलांनी तुमचं लिहिलेलं पाठवलं होतं."

मग मी विचारलं, मधल्या आठवड्यांत वॉर्डात काय झालं. किती मुलं.

"ते नाही सांगणार, भाऊ."

"मला कळायला हवं."

"कशाला? तुम्ही रडत बसाल. मग बाकीचा माल कोण पाठवणार?"

त्यांचा आवाज कठोर नव्हता. पण त्यांनी मला माफही केलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

अमेरिकन मदत संस्था पुढे बंदच झाली. न्यायालयांतली लढाई अजून कुठे कुठे चालू आहे. बाकीच्या पेस्टला सील लागलेलं नव्हतं, ती अमेरिकन सरकारचीच आहे आणि तिच्या बाबतीत माझ्याकडे कबूल करण्यासारखी एकही चूक नाही. मागच्या आठवड्यात तो माल नष्ट करायचा कागद माझ्या सहीसाठी आला. मी तो सही न करता परत पाठवला आणि सोबत विचारलं की हे ठरवणाऱ्या माणसाचं नाव काय. दुसरं मेल वकीलबाईंना केलं, तिसरं त्याच पेस्टची मागणी असलेल्या दुसऱ्या दोन सेवाभावी संस्थांना. एकीनं उत्तर दिलंय. खोकी किती आहेत, मुदत किती उरली आहे, गाडी कोण देईल, असं त्यांनी विचारलंय. गाडीचं मी भाईंना विचारून ठेवलं आहे.