आरशात काढलेला नंबर

भिंगरी मामाच्या चष्म्यांच्या दुकानात आली तेव्हा सोळा वर्षांची होती. आता बावीसची आहे. माणूस पायरी चढताना कसा अडखळतो ते बघून ती त्याचा नंबर सांगते आणि पाव-अर्ध्यापलीकडे चुकत नाही. मामा म्हणतो, "देवाने हिला डोळे दिले, वर जीभही दिली. दोन्ही एकदम द्यायला नको होतं."

डोळे तपासायची खोली जेमतेम दहा फुटांची. म्हणून अक्षरांचा तक्ता खुर्चीच्या मागे टांगलेला, उलट्या अक्षरांचा, आणि अंतर दुप्पट करायला समोर मोठा आरसा. गिऱ्हाईक आरशात बघून वाचतं.

एका सोमवारी काळ्या चष्म्याचा, टोपी घातलेला एक तरुण आला. पायरीला अडखळला, दारावर आदळला आणि दाराची माफी मागितली.

"चार," भिंगरी पुटपुटली. "निदान एका डोळ्याला."

मामाने त्याला ओळखलं. त्या घराण्याला सगळं शहर ओळखतं. ग्रीकांच्या जुन्या गोष्टीत एक बाई आहे. तिच्या डोक्यावर केसांच्या जागी साप, आणि तिने बघितलं की माणसाचा दगड. तिचे हे वंशज. काळ्या काचेआडून त्यांची नजर कुणाला बाधत नाही.

"चष्मा उतरवल्याशिवाय नंबर निघत नाही," मामा म्हणाला. "आणि तुम्ही तो उतरवायचा नाही. तेव्हा नमस्कार."

"हे सातवं दुकान," तरुण म्हणाला. "शुक्रवारी बसचालकाची परीक्षा आहे. या काचा आजोबांच्या. यातून बसवरची पाटी दिसत नाही. कधी कधी बसच दिसत नाही."

भिंगरीने विचारलं, "आरशात बघितलं तर काय होतं?"

"काही नाही. रोज दाढी करतो की."

"आणि टोपीखाली?" मामाने दोन पावलं मागे सरत विचारलं.

"ते बहिणीकडे गेले. माझ्या वाट्याला नुसती नजर."

भिंगरीने त्याला खुर्चीत बसवलं आणि स्वतः मागे उभी राहिली. "मान वळवायची नाही. कुणी हाक मारली तरी नाही."

त्याने चष्मा उतरवला. आरशात राखाडी डोळे दिसले, जरा घाबरलेले. सख्ख्या आईनेही ते कधी उघडे पाहिले नव्हते. भिंगरीच्या हातून काच दोनदा पडली. तरी तिने नंबर काढला.

काचा रात्रभर गरम काळ्या रंगात मुरल्या. बुधवारी त्याने नवा चष्मा घातला. मामाने आधी त्याच्यासमोर झुरळ सोडलं. झुरळ मजेत चालत राहिलं.

"छान आहे," तरुण म्हणाला आणि जाताना पुन्हा दारावर आदळला.

गुरुवारी दुपारी तो डोकं धरून परत आला. जमीन तिरकी दिसत होती.

"सांगत होतो," मामा म्हणाला. "यांच्या डोळ्यांना आपल्या काचा मानवतच नाहीत."

भिंगरी आतल्या खोलीत गेली आणि खुर्चीमागे, सोमवारी उभी होती तिथेच, उभी राहिली. गिऱ्हाईक तोंडासमोर असलं की त्याचा उजवा डोळा आपल्या डाव्या हाताला येतो. सहा वर्षांची सवय. पण सोमवारी ती त्याच्या मागे होती.

"मामा, चूक माझी," ती बाहेर येऊन म्हणाली. "उजव्याचा नंबर डाव्याला लिहिला."

"तुझी? सहा वर्षांत एकदा चुकली नाहीस. लक्ष कुठे होतं?"

"आरशात."

तरुणाचे कान लाल झाले. मामाला खोकला आला.

काचांची नुसती अदलाबदल करून चाललं नसतं. डाव्या-उजव्याचा आकार वेगळा, त्या फ्रेममध्ये बसल्या नसत्या. तिने नव्या काचा घेतल्या, चाकावर पाणी सोडून घासल्या आणि रंगात टाकल्या. मुरायला दोनच तास मिळाले. दुकान बंद व्हायच्या आत तिने त्या बल्बसमोर धरून पुन्हा पुन्हा बघितल्या.

तरुणाने आतल्या खुर्चीत बसून डोळे मिटले. तिने त्याच्या नाकावर चष्मा बसवला आणि समोर स्टूल ओढून बसली.

"थांब गं, झुरळ शोधतो," मामा म्हणाला.

"झुरळ नको. मी आहे ना."

"मागे उभ्या राहा, मी आरशात बघतो," तरुण म्हणाला. "काचा फिक्या राहिल्या असतील तर?"

"नाहीत. मी रंगवल्यात."

"आधीच्या पण तुम्हीच—"

"तेव्हा डावं-उजवं चुकलं. रंग नाही चुकला. उघड डोळे."

मामा टेबलाखाली गेला. तरुणाने डोळे उघडले.

"भिंगरे," टेबलाखालून आवाज आला. "आहेस का?"

"आहे रे. ऊठ, गुडघे दुखतील." ती तरुणाकडे बघतच होती. "दिसतंय का?"

"तुझ्या पापणीवर काचेचा भुगा आहे."

"बस्स? आणखी काय दिसतं?"

त्याने सावकाश, एखादी लांब ओळ वाचावी तसं तिच्याकडे बघितलं. तिने नजर खाली घेतली नाही.

"आणखीचं सांगायला वेळ लागेल," तो म्हणाला. "उद्या परीक्षेला येशील?"

"किती वाजता?"