सरळ न येणारे मनोरे

डॉक्टर मेधा मूळची नागपूरची. आयर्लंडात येऊन तिला अठरा वर्षं झाली. दक्षिणेकडच्या एका हॉस्पिटलात ती म्हाताऱ्यांचा वॉर्ड सांभाळते. बाई कामाला वाघ, पण एक खोड आहे. मराठी माणूस भेटला की "मूळ गाव कोणतं?" हे विचारल्याशिवाय तिला चैन पडत नाही. लेक रेवा कपाळाला हात लावते.

गेल्या मार्चमध्ये तिच्याकडे एत्तोरे आले. वय एक्याऐंशी, पन्नास वर्षं हॉस्पिटलच्याच गावात बूट शिवत बसलेले. अर्धांगाच्या सौम्य झटक्यातून उठले होते आणि एकच ध्यास घेतला होता, घरी जायचंय. त्यांना एकट्यानं राहता येईल की वृद्धाश्रमात धाडायचं, हे दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये ठरणार होतं.

मेंदूच्या चाचणीसाठी मेधानं कागद पुढे केला. "ओळखीची एखादी इमारत काढा."

म्हातारबुवांनी दोन मनोरे काढले. एक उंच, दुसरा त्याच्या निम्मा, आणि दोन्ही तिरके.

"जरा सरळ काढा बरं."

त्यांनी जीभ दातांत धरून पुन्हा काढले. पुन्हा तिरके! मेधाला वाईट वाटलं, पण करणार काय? तिनं फॉर्मवर लिहिलं: सरळ रेषेचं भान नाही. बाकी सगळ्या चाचण्यांत ते ठीक होते, हीच एक ओळ त्यांना नडणार होती.

घरी जेवतानाही तिच्या डोक्यात तेच होतं. नावगाव न सांगता तिनं ते मनोरे पाकिटाच्या पाठीवर काढून रेवाला दाखवले. रेवा खास आयरिश हेलात, इंग्रजीत म्हणाली, "आई, हे तर इटलीतलं बोलोन्या! शहराची ओळखच आहे ती. ते खरोखरच कललेत गं."

"अरे बाप्पा!" मेधाचा घास हातातच राहिला.

सकाळी ती धावतच वॉर्डात शिरली. "एत्तोरे, तुमचं मूळ गाव कोणतं?"

म्हातारा खुलला. "बोलोन्या! त्या उंच मनोऱ्याच्या सावलीत माझ्या वडिलांचं दुकान होतं."

"मग काल बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? सरळ काढा म्हणालात. सरळ काढले असते, तर ते आमचे राहिले असते का?"

मीटिंगमध्ये तिनं सगळ्यांदेखत स्वतःची ओळ खोडली. चूक माझी, म्हणाली. पुढच्याच आठवड्यात एत्तोरे आपल्या घरी गेले.

आता तिच्या फॉर्मवर, छापील प्रश्नांच्या डोक्यावर, पेनानं लिहिलेला एक प्रश्न असतो: मूळ गाव कोणतं?