फादरांचा बुधवार

ठाण्याच्या खाडीकाठी आमचं गाव. ख्रिस्ती घरं जेमतेम तीस, पण देऊळ मोठं. देऊळ म्हणजे चर्च. आम्ही देऊळच म्हणायचो. फादर फक्त रविवारी मिस्सा करायला ठाण्याहून यायचे. एकोणीसशे पन्नासच्या पुढेमागे ठाण्याहून निरोप आला, "गावानं पोटापाण्याची सोय केली तर कायमचा फादर देऊ."

गाव हरखलं. कुणी भाताची पोती द्यायचं कबूल केलं, कुणी सरपण, कुणी दूध. जेवणाचे वार लागले. पाच घरांनी एकेक वार घेतला, पाटलांनी बुधवार आणि रविवार असे दोन. आमचं नाव यादीत नव्हतं. वडील वारलेले, आई आणि मी मिठागरावर मजुरीला जायचो. आम्हाला ओझं नको म्हणून वगळलं होतं.

आईला ते फार लागलं. ती तडक पाटलांच्या ओटीवर गेली, मी मागोमाग.

"पाटीलबाबा, माज्या घरान चूल पेटत नाय काय?"

"अगं, तसं नाही. तुझ्यावर भार कशाला?"

"फादर काय तुमचा एकट्याचा हाय? माना एक वार द्या."

पाटील हसले. "घे बाई, बुधवार घे."

वार मिळाला आणि आईचं धाबं दणाणलं. बाकीच्या घरी बदक, डुकराचं मटण, वडे. आमच्याकडे तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण आणि कैरीची चटणी. बुधवारी नवे फादर जेवायला आले. वसईकडचे, तरुण, काटकुळे. खाली मान घालून जेवू लागले. दोन भाकऱ्या संपल्या, तिसरी मागितली. हात धुताना म्हणाले, "बाई, इथं आल्यापासून आज पहिल्यांदा पोट शांत झालं."

तेवढ्यावर थांबते तर बरं होतं. पण रविवारी प्रवचनात त्यांनी साध्या जेवणाची थोरवी सांगितली आणि भाकरी-सुकटीचं नाव घेतलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आई मान खाली घालून बसली, पण तिचे कान लाल झालेले मला दिसले.

पुढच्या बुधवारी फादर आमच्या उंबऱ्यापाशीच थबकले. चुलीवर सुकट रटरटत होती.

"बाई, रागावू नका. सोमवारी सुकट होती. काल सुकट. पाटलीणबाईंनी तर रविवारी रात्रीच सुरुवात केली."

आई आधी ओशाळली आणि मग इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. फादरही हसायला लागले. तिनं शेजारून चार अंडी आणली, कांद्यावर परतली आणि त्यांना वाढली. सुकट आम्ही दोघींनी खाल्ली.

संध्याकाळी ती घरोघर फिरली. "तू सोमवारी वरणभात कर. तू मंगळवारी ताजी मासली. मटण फक्त आयतवारी, आणि तेल बेतानं. फादरांचं पोट नाजूक हाय." मला वाटलं, बायका तिला फटकारतील. पण पाटलीणबाईच म्हणाल्या, "बरं झालं गं, आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

तेव्हापासून गावात कुणाकडे पाहुणे जेवायला यायचे असले, की बायका आधी आमच्या दारात येऊन विचारायच्या, "काय रांधू गं?" मिठागरावरून दमून आलेली आई पदरानं तोंड पुसत ओट्यावर बसायची आणि आधी विचारायची, "पाहुणा कुठला?"