मामीच्या उंचीवरून एकेचाळीस पूल

माझे मामा जुन्या दगडी पुलांचे फोटो काढत. पोटापाण्यासाठी पोस्टात नोकरी, पण रविवार उजाडला की कॅमेरा, तिपाई आणि मामीला घेऊन रानात. तिघांपैकी कुरकुरायची फक्त मामी.

मामांचा नियम पक्का: फोटोत मापाला माणूस हवा. मामी कमानीखाली ताठ उभी राही आणि मामा घरी येऊन तिच्या उंचीवरून पुलाची उंची काढत. मामी म्हणजे पाच फूट तीन इंच. अशा एकेचाळीस पुलांची वही होती. त्या वहीवर कुणी शंका घेतली की मामांचा पारा चढे.

गेल्या वर्षी पुरात त्यातला एक पूल पायासकट आडवा झाला. मामांनी बांधकाम खात्याच्या इंजिनिअरच्या मागे लागून तो त्याच दगडांत पुन्हा बांधायचं कबूल करून घेतलं. मामांच्या आकड्यांवरून सुताराने कमानीचा लाकडी साचा केला, एकवीस फूट उंच. ओढ्यातून पुलाचा एकूण एक दगड काढून साच्यावर रचून पाहिला, तरी दगड कमी पडले.

"तुमच्या फोटोंचा भरवसा नाही," इंजिनिअर म्हणाला. "सोमवारपर्यंत माप जुळवा, नाहीतर मी सिमेंटचे पाइप टाकून मोकळा होतो."

मामांचं जेवणावरचं लक्ष उडालं. तीन दिवस भिंग घेऊन फोटोला नाक लावून बसले. मला तर रागच आला; गेला तर गेला एक पूल! शेवटी मामीला बघवेना.

"अहो, मी पाच फूटच आहे," ती म्हणाली. "लग्न ठरताना बाबांनी तीन इंच वाढवून सांगितले. मग सांगायचं राहूनच गेलं."

"बत्तीस वर्षं?"

"तुम्ही तरी कधी मोजलंत?"

मामांनी तिला दाराच्या चौकटीशी उभं करून टेप लावला. बरोबर पाच फूट. एकविसाचे वीस झाले आणि एकेचाळीस पूल एका झटक्यात बुटके झाले. मामांनी वही मिटून कपाटात ठेवली, तेव्हा मात्र मला धडकी भरली.

सोमवारी आम्ही तिघं ऑफिसात गेलो. चूक कशी झाली, असं इंजिनिअरने विचारलं. मामी तोंड उघडणार, तेवढ्यात मामा म्हणाले, "माझ्याकडून झाली. माप न घेताच आकडा धरून चाललो."

"तुम्ही? एवढे काटेकोर?" इंजिनिअर हसला. मामांनी मान खाली घातली. मला फार वाईट वाटलं.

साचा कापायचं ठरलं. बाहेर आल्यावर मामी म्हणाली, "खरं सांगायचंत ना."

"खरं तुझ्या बाबांनी सांगितलं असतं, तर माझ्या आईने मुलगी बुटकी म्हणून नकार कळवला असता," मामा म्हणाले. "मग कमानीखाली मी कुणाला उभं केलं असतं?"