डालग्याखालची कोंबडी

मी लिलावात निघालेली पोर. हे मी लाजत सांगत नाही, मिरवत सांगते. आमच्या शाळेच्या बाईंनी ही गोष्ट इतक्यांदा सांगितली की आता ती मला स्वतः पाहिल्यासारखी दिसते. देवळाच्या उंच खिडक्यांतून उतरलेलं पिवळं ऊन, त्यात तरंगणारी बाजरीची कुसळं, आणि खाली कुठेतरी गारव्यात निजलेली मी.

आमचं गाव श्रीरामपूरच्या अलीकडचं, आणि चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. सुगीच्या सणाला ज्याच्या रानात, परसात जे पिकेल ते लोक देवापुढे आणून ठेवत. कणसं, भोपळे, अंडी, डालग्याखाली झाकलेल्या कोंबड्या. उपासना झाली की त्याचा लिलाव. लढाईच्या महागाईतलं ते वर्ष. पायरीशी एक डालगं होतं आणि लिलाव पुकारणाऱ्या पंचांना घाई होती. उचलून न बघताच त्यांनी ‘कोंबडी’ म्हणून पुकारलं आणि बाईंनी बोली लावली. बाई विधवा, एकट्या, जिभेच्या तिखट. रविवारी रस्सा करावा, एवढाच त्यांचा बेत. डालगं उचललं तर खाली जुनेराच्या घडीत मी. पोटभर पाजून निजवलेली, हे बाई दर वेळी आवर्जून सांगत.

पंच खजील झाले. बोली रद्द समजा, पोर नगरला मिशनच्या दवाखान्यात धाडू, म्हणाले. बाईंनी पदर खोचला.

“बोली लागली ती लागली. माझं डालगं मला द्या.”

अशी मी रश्शाऐवजी त्यांच्या घरात आले.

पुढच्या सुगीला त्याच पायरीशी दोन भावंडं बसलेली सापडली. पटकीने त्यांचं घर धुऊन नेलं होतं. मग एक आंधळी मुलगी आली. बाईंनी कोंबडी घेतली आणि खुराडं मांडलं, असं गाव हसायचं. हसो बापडं! हसणाऱ्या त्याच बायका रोज चूल पेटवण्याआधी मूठभर धान्य देवासाठी मडक्यात टाकत आणि शनिवारी ते मडकं आमच्या जात्याशी रिकामं करत. देवळाच्या पाळकसाहेबांनी शाळेमागची पडवी दिली. ती गळायची, आणि आम्ही पोरं चटया ओढत कोरड्या कोपऱ्याकडे सरकत राहायचो. झोपेत मी अजून त्या पडवीत जाते. तिला शेवट म्हणून नसतोच, आणि कुणीतरी सारखं दळत असतं.

मी शाळेत जाऊ लागले तेव्हाच्या सुगीची गोष्ट. एक अनोळखी शेतकरीण दर सणाला यायची, पायरीशी दुधी भोपळा ठेवून मागच्या मागे निघून जायची. त्या वर्षी ती गेली नाही. लिलाव संपेपर्यंत अंगणात उभी राहिली. बाईंनी तिच्या नाकाकडे पाहिलं, मग माझ्या. गावानेही पाहिलं. आमच्या लिलावात आपलीच वस्तू बोली लावून परत न्यायची मुभा असते, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. मी बाईंचं लुगडं घट्ट धरलं. मला नेतील असं वाटलं.

“मागं न्याया न्हाई आले,” ती म्हणाली. “देवाला दिल्यालं कोन मागं न्हेतं? मलाबी ठिवून घ्या.”

बाईंनी आम्हा पोरांकडे एकवार पाहिलं.

“इथली सगळी पोरं बिनआईची आहेत,” त्या म्हणाल्या. “एकटीची आई म्हणून राहता येणार नाही. राहायचं तर सगळ्यांची मावशी.”

तिने मान हलवली आणि थेट चुलीकडे गेली.

दिला शब्द तिने इतका पाळला, इतका पाळला, की मला तिचा रागच यायचा. वेणी घालायला माझी पाळी शेवटी. वाढायलाही मी शेवटी. आंधळीला ऊन ऊन भाकरी, भावंडांना घट्ट आमटी, आणि माझ्या वाट्याला तळाचं पाणी. मी ताटली आपटायचे. तिला आई म्हणून मी कधी हाक मारली नाही, तिनेही मागितली नाही.

मला वाढून झालं की ती आपली भाकरी घेऊन माझ्या शेजारी बसायची. बाकीची पोरं हात धुवायला गेलेली असत. मग आम्ही दोघी सावकाश जेवायचो.